पांढऱ्या मुळीचा सोबती : ताणाच्या दिवसांसाठी मायकोरायझा आणि ट्रायकोडर्मा कसे वापरायचे

कृषी सेवा केंद्रात जाऊन नुसतं ‘बुरशी’ म्हणा, समोरचा माणूस न विचारता बुरशीनाशकाचा पुडा पुढे सरकवतो. त्यात त्याची चूक नाही. करपा, मर, भुरी, मूळकूज यांनी आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या एवढं छळलंय की बुरशी म्हणजे मारायची गोष्ट हे डोक्यात घट्ट बसलंय. मीही त्यातलाच. पुरंदर तालुक्यात आमची साडेतीन एकर जमीन आहे. वरची अर्धी मुरमाड, खालची काळी आणि चुनखडीची. सीताफळ, थोडं अंजीर आणि रब्बीला कांदा. पहिल्या वर्षी हौसेने मायकोरायझा ह्या मुळांच्या उपयोगी बुरशीचं पाकीट आणलं, रोपांना दिलं आणि आठवड्याच्या आत त्याच वाफ्यावर सवयीने कार्बेन्डाझिम ह्या बुरशीनाशकाची आळवणी केली. पुढे कळलं की शास्त्रज्ञांना प्रयोगासाठी बिनमायकोरायझाची झाडं हवी असली की ते ह्याच कुळातलं बेनोमिल वापरतात. म्हणजे मी एका हाताने विकत आणलेलं दुसऱ्या हाताने मारलं, दोन्ही वेळा पैसे मोजून.

म्हणून हा लेख पाकिटापासून सुरू होत नाही. पाकीट फार पुढे येतं.

दोन बुरशी, दोन स्वभाव

मायकोरायझा आणि ट्रायकोडर्मा दुकानात एकाच फळीवर असतात, पण त्यांचं एकमेकांशी नातं नाही.

मायकोरायझा मुळाच्या आत शिरून राहते. झाडाकडून साखर घेते, बदल्यात स्फुरद, जस्त अशी जमिनीत जागेवर अडकून बसलेली अन्नद्रव्यं आणून देते. जिवंत मुळाशिवाय ती वाढतच नाही, हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचं अर्धं तंत्र त्यातून निघतं. अल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक ह्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ साली तिला हे नाव दिलं, अर्थ सरळ ‘बुरशी-मूळ’. सोबत मात्र फार जुनी आहे. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी इथल्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्म वनस्पतींतही अशी बुरशी सापडली आहे.

ट्रायकोडर्माला झाड लागत नाही. ती शेणखतावर, पालापाचोळ्यावर मजेत वाढते. मर आणि मूळकूज करणाऱ्या फ्युजॅरियम, पिथियम, रायझोक्टोनिया ह्यांच्यावर तुटून पडते आणि मुळाभोवतीची जागा अडवते. ताणात, म्हणजे पाणी कमी पडतं किंवा जमीन खारी असते तेव्हा, तिचा उपयोग मुख्यतः एवढाच की मुळं शाबूत राहतात. कुजकी मुळी पाणी असूनही पिऊ शकत नाही.

ताण सोसायला मायकोरायझा नेमकी कशी मदत करते? स्फुरद मातीत फार सावकाश सरकतो. मुळी आपल्याभोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा स्फुरद उचलते आणि मग उपाशी बसते. आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तर तो कॅल्शियमशी बांधला जातो. त्यात माती वाळली की कणांभोवतीची पाण्याची पातळ साय तुटते आणि उरलेली हालचालही थांबते. म्हणजे पाण्याच्या टंचाईबरोबर अन्नाचीही टंचाई येते. बुरशीचा तंतू मुळावरच्या केसापेक्षाही बारीक असतो. मुळी जाऊ शकत नाही अशा फटींत तो घुसतो आणि काही सेंटीमीटर लांबून माल आणतो. शिवाय हे तंतू मातीचे कण बांधून ठेवतात आणि मुळाचा मातीशी संपर्क तुटू देत नाहीत. खारवट जमिनीत आणखी एक फायदा दिसतो : झाडाच्या पानात सोडियम कमी आणि पालाश जास्त, असं प्रमाण राखायला तिची मदत होते.

पण ती पाण्याचा पाइप नव्हे. विहीर आटल्यावर मायकोरायझा पीक वाचवत नाही. दोन पाळ्यांमधलं अंतर लांबलं तर झाड कमी कोमेजतं आणि पाणी मिळाल्यावर लवकर सावरतं. जास्त अपेक्षा ठेवून आणाल तर दुसऱ्या वर्षी आणणार नाही.

आधी तीन प्रश्न स्वतःला

पहिला : जमिनीत स्फुरद किती आहे? मृदा आरोग्य पत्रिका काढून बघा. स्फुरद ‘जास्त’ किंवा ‘अत्यंत जास्त’ असेल तर पाकिटाचे पैसे ठेवून द्या आणि आधी डीएपी, म्हणजे स्फुरदाचं रासायनिक खत, कमी करा. झाडाला स्फुरद आयता मिळाला की ते बुरशीला दारात उभं करत नाही. उपाशी मूळ स्ट्रायगोलॅक्टोन नावाची द्रव्यं मातीत सोडून बुरशीला हाक मारतं. पोट भरलेलं मूळ ती हाकच देत नाही. आमच्या भागात बागायतदार दरवर्षी डीएपीची गोणी नेमाने टाकतात आणि वर मायकोरायझाही देतात. ते पैसे वाया जातात, दुसरं काही नाही.

दुसरा : पीक कोणतं? कोबी, फुलकोबी, मुळा, मोहरी, पालक, बीट, राजगिरा, चाकवत ही पिकं मायकोरायझाला घरात घेत नाहीत. मार्केट यार्डासाठी वर्षभर पालेभाजी करणाऱ्यांनी हे नीट वाचावं. अशा शेतात पालक-मुळा-कोबी असाच फेरा राहिला तर मातीतली मूळची बुरशीही उपासमारीने घटते. याउलट कांदा. त्याच्या मुळ्या जाड, आखूड आणि जवळजवळ केस नसलेल्या असतात, त्यामुळे तो ह्या बुरशीवर फार विसंबून असतो. मका, ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर, सोयाबीन, ऊस, टोमॅटो, डाळिंब, द्राक्ष, अंजीर, सीताफळ ह्या सगळ्यांशी तिचं जमतं.

तिसरा : जमीन उघडी किती काळ असते? फेब्रुवारी-मार्चला रान मोकळं झालं, खोल नांगरट केली, ढेकळं जूनपर्यंत तापत ठेवली. आपल्या वाडवडिलांची ही रीत किडींचे कोष मारायला चांगली, पण तंतूंचं जाळं त्यात फाटतं आणि जिवंत मुळाविना बुरशी कमजोर होते. नांगरट सोडून द्या असं मी म्हणत नाही. दरवर्षी नको. आणि कोबीनंतर थेट कांदा न घेता मध्ये चवळी, मका किंवा ताग एकदा येऊ द्या. अनेक रानांत एवढ्यानेच काम होतं, कारण बुरशी तुमच्या मातीत आधीपासून असते.

पाकीट घेताना

ट्रायकोडर्मा असेल तर उत्पादनाची तारीख बघा. टाल्कवरची पावडर सहा महिन्यांच्या आतली हवी, जितकी ताजी तितकी बरी. लेबलवर प्रति ग्रॅम सीएफयू, म्हणजे वाढू शकणाऱ्या जिवंत बुरशीचा आकडा, लिहिलेला असावा. मायकोरायझावर प्रति ग्रॅम बीजाणू किंवा प्रोपॅग्यूल (ज्यातून बुरशी पुन्हा वाढते असे बीजाणू, तंतू, मुळांचे तुकडे) किती हे लिहिलेलं हवं. नुसता हिरव्या झाडाचा फोटो आणि ‘मुळांची जबरदस्त वाढ’ असं लिहिलेल्या पाकिटांत बऱ्याचदा ह्युमिक आम्लच जास्त असतं. दुकानाच्या दारात उन्हात मांडलेला माल घेऊ नका, आणि घेतलेला माल गाडीच्या डिकीत दिवसभर ठेवू नका.

पुणे जिल्ह्यात विचारपूस करायला जागा कमी नाहीत. शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, बारामती आणि नारायणगावची कृषी विज्ञान केंद्रं. बारामतीजवळ माळेगावला २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. दुष्काळ, क्षार, उष्णता हेच तिचं काम. कांद्यासाठी राजगुरुनगरची कांदा-लसूण संशोधन संस्था.

ट्रायकोडर्मा जिवंत आहे का हे घरी बघता येतं. दोन स्वच्छ डब्यांत शिजवून गार केलेला भात घ्या. एकात चिमूटभर पावडर भुरभुरा, दुसरा तसाच ठेवा, दोन्ही झाका. चार-पाच दिवसांत पहिल्यात आधी पांढरी आणि मग गर्द हिरवी वाढ दिसली, दुसऱ्यात नाही, तर माल बरा. दोन्हींत हिरवं आलं तर ती घरचीच बुरशी, त्यावरून काही ठरवू नका. आणि हे स्वयंपाकघरात करू नका. मी केलं होतं, त्याबद्दल घरात अजून बोलणी खातो. मायकोरायझाची अशी भातपरीक्षा होत नाही, कारण तिला जिवंत मूळ लागतं.

ट्रायकोडर्मा : शेणखतात मुरवून द्या

कोरडी पावडर रानात भिरकावणं म्हणजे सैनिकाला शिदोरीशिवाय पाठवणं. १०० किलो पूर्ण कुजलेलं शेणखत घ्या, ताजं नको, त्याच्या उष्णतेने बुरशी मरते. सावलीत पसरून १ किलो ट्रायकोडर्मा मिसळा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये इतकं ओलवा. ओल्या गोणपाटाने झाका. तीन-चार दिवसांनी खालीवर करा, सुकलं तर पाणी शिंपडा. दहा-पंधरा दिवसांत पांढरे-हिरवे ठिपके दिसले की वाफसा असताना मुळांच्या थरात मिसळून द्या. बीजप्रक्रियेला किलोला ४ ते ५ ग्रॅम पुरतात. बियाण्याला आधी रासायनिक बुरशीनाशक चोळलेलं असेल तर बियाण्यावर न देता ह्या खतातूनच द्या.

मायकोरायझा घरी वाढवा

हा भाग मी जरा लांबवणार आहे, कारण इथे खरा पैसा वाचतो. विकतचं पाकीट फक्त विरजण म्हणून वापरायचं.

एप्रिल-मेमध्ये माती तापवून घ्या. चाळलेली हलकी माती आणि जाड वाळू निम्मी-निम्मी. माती अशा रानातली घ्या जिथे टोमॅटो-डाळिंबाची मर किंवा मुळावर सूत्रकृमीच्या गाठी नाहीत. मिश्रण ओलं करून १५ सेंटीमीटर जाडीचा थर पसरा आणि पारदर्शक प्लास्टिकने कडा दाबून झाका. काळं प्लास्टिक नको, त्यातून ऊन आत जात नाही. चार ते सहा आठवडे पुण्याच्या उन्हाळ्यात पुरेसे होतात.

जूनच्या सुरुवातीला साधारण १० किलोच्या दहा पिशव्या भरा. वरून एक वीत खोलीवर प्रत्येक पिशवीत ५० ते १०० ग्रॅम विकतचा मायकोरायझा थर देऊन पसरा, त्यावर माती, मग मक्याचे किंवा ज्वारीचे सहा-आठ दाणे. दुकानातलं रंगीत, औषध लावलेलं बियाणं नको, घरचं घ्या. मका-ज्वारीच का? मुळं भरपूर येतात. दुसरं म्हणजे तृणधान्याचे बहुतेक मूळरोग कांद्याला किंवा सीताफळाला लागत नाहीत, त्यामुळे विरजणाबरोबर रोग शेतात नेण्याची भीती कमी.

पिशव्या पत्र्याच्या किंवा शेडनेटच्या आडोशाला ठेवा, पावसाचं पाणी साचू देऊ नका. ह्या बुरशीला हवा लागते. डीएपी, सुपर फॉस्फेट काही नाही. पानं अगदी पिवळी पडली तर चिमूटभर युरिया पाण्यातून. मका खुरटा दिसेल, दिसू द्या, उपाशी मुळंच बुरशीला बोलावतात. आमचे शेजारी अण्णा तो मका बघून म्हणाले होते, “अरे, ह्याला काय वाळीत टाकलंय का?”

अडीच महिन्यांनी, म्हणजे ऑगस्टच्या मध्यावर, पाणी तोडा. दहा-बारा दिवस पूर्ण कोरडं. मूळ मरणार हे कळलं की बुरशी बीजाणू बनवते. आपल्याला तेच हवेत. मग धाटं कापून गुरांना घाला, पिशवी सावलीत रिकामी करा, मुळं कोयत्याने बारीक तोडून त्याच मातीत मिसळा. गाठी दिसल्या तर ती पिशवी फेकून द्या, मोह नको. उरलेलं सावलीत सुकवून गोणपाटात भरून थंड जागी ठेवा आणि त्याच रब्बीत वापरा.

कुठे, किती, कसं

एकच नियम : बीजाणू चालत जात नाहीत, मुळानेच त्यांच्यातून गेलं पाहिजे. वर भुरभुरवलेलं विसरा. पाकिटातल्या दाणेदार मालात बीजाणू जास्त दाट असतात, त्याला लेबलवरचं प्रमाण पाळा. खालची प्रमाणं घरच्या माती-मुळांच्या मिश्रणाची आहेत.

कांद्याच्या गादीवाफ्यावर चौरस मीटरला १०० ग्रॅम, बियाण्याच्या ओळीखाली दोन-तीन सेंटीमीटर. एका एकराच्या लागणीला सुमारे दोन गुंठे रोपवाटिका लागते, म्हणजे २० किलो मिश्रण. हीच सगळ्यात स्वस्त जागा. नोव्हेंबरच्या रोपांत बुरशी बसली की डिसेंबर-जानेवारीत पुनर्लागणीबरोबर ती फुकट अख्ख्या एकरभर जाते. रोपं उपटून बुरशीनाशकात बुडवण्याची सवय असेल तर ती इथे आडवी येते. रोपं निरोगी असतील तर बुडवू नका.

सीताफळ-अंजिराचं नवं रोप लावताना २० ग्रॅम, मुळांच्या गोळ्याला चिकटून. उभ्या झाडाला २०० ग्रॅम, जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर वाफसा आला की. बुंध्याशी नाही. झाडाच्या घेराखाली पांढरी मुळी दिसेपर्यंत हलकं उकरा, साधारण १० ते १५ सेंटीमीटर, तिथे पसरून माती ओढा. ह्या मोसमात ताजं मिश्रण तयार नसतं, म्हणून झाडांसाठी विकतचा माल घ्या किंवा मागच्या वर्षीचं राखून ठेवलेलं थोडं जास्त द्या. बहारासाठी झाड ताणावर सोडायचं असेल तर त्या काळात बुरशी देऊ नका. ताण सोडून पाणी सुरू झालं, नवी मुळी फुटली, की मग.

उसाला बेण्यावर चोळण्यापेक्षा सरीत, कांडीच्या खाली द्या, कारण बेणेप्रक्रियेत बुरशीनाशक असतंच. खोडव्यात पाचट जाळू नका आणि जमीन उलथू नका, जुनं जाळं नव्या मुळांना आयतं मिळतं. मावळ-मुळशीच्या साचल्या पाण्यातल्या भाताला हे फारसं उपयोगी नाही, तिथे पैसे घालू नका.

ठिबकमधून देण्याचा आग्रह बरेच विक्रेते धरतात. मला ते पटत नाही. बीजाणू बरेचदा १०० मायक्रॉनच्या आसपास असतात, फिल्टरची जाळी साधारण १३० मायक्रॉनची, शिवाय भुकटी तळाशी बसते. अर्धा माल जाळीतच राहतो आणि फिल्टर धुणाऱ्या पोराच्या हाताला तेवढा मायकोरायझा लागतो.

बसली की नाही, हे डोळ्यांनी बघा

लागणीनंतर सहा आठवड्यांनी कांद्याची बारीक मुळं अलगद धुऊन घ्या. पोटॅशियम हायड्रॉक्साइड १० ग्रॅम १०० मिली पाण्यात विरघळवा. हे द्रावण कातडी जाळतं, हातमोजे आणि चष्मा घाला, मुलांना लांब ठेवा. भांडं काचेचं किंवा स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमचं नको, ते विरघळायला लागतं. मुळं ह्यात गरम पाण्यावर ठेवून पारदर्शक होईपर्यंत तापवा, कोवळ्या मुळांना काही मिनिटं पुरतात. भरपूर पाण्याने धुवा. आता ९५ मिली पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ५ मिली फाउंटन पेनची शाई घालून त्यात तीन मिनिटं उकळवा, मग व्हिनेगरचे थेंब टाकलेल्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा. मुळाचा रंग निघून जातो, बुरशीचा राहतो.

गावातल्या हायस्कुलाच्या सूक्ष्मदर्शकावर, १०० पट मोठं करून, हे दिसतं. पेशींमधून धावणारे निळे तंतू, फुग्यांसारखे गोल, आणि नशीब असेल तर पेशीच्या आत बारीक फांद्यांचं झुडूप. देवाणघेवाण त्या झुडपातच होते. एक सेंटीमीटरचे पन्नास तुकडे बघा आणि किती तुकड्यांत काहीतरी आहे ते मोजा. बुरशी न दिलेल्या ओळींचीही मुळं बघा. माझ्या वरच्या मुरमाड तुकड्यात न दिलेल्या ओळींमध्ये जवळपास तितकीच बुरशी निघाली. तिथे मी आता काहीच देत नाही. खालच्या तुकड्यात, जिथे आधी दोन हंगाम फुलकोबी होती, फरक स्पष्ट होता.

म्हणून प्रत्येक प्लॉटमध्ये चार ओळी कोऱ्या सोडा. खुंटीला दोरी बांधून खूण करा, नाहीतर महिन्याने कोणती ओळ कोणती ते आठवत नाही. मार्चमध्ये पाण्याची पाळी लांबेल तेव्हा दुपारी दोनला जाऊन बघा, पात कुठल्या ओळीत आधी मान टाकते. काढणीला दोन्हीकडचे सारख्या लांबीचे वाफे वेगळे तोला आणि वहीत लिहा.

क्षारपड रानाचं वेगळं

नीरा डाव्या कालव्याखाली बारामती-इंदापूरकडे पाणी जास्त आणि निचरा कमी झाल्याने जमिनी खारावल्या आहेत. तिथे मायकोरायझा रोपांना तग धरायला मदत करते, पण क्रम चुकवू नका. आधी माती तपासा. ईसी (विरघळलेले क्षार किती हे सांगणारा आकडा) ४ च्या वर असेल तर जमीन क्षारयुक्त, आधी चर काढून निचरा करा आणि गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढा. सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांपुढे असेल तर जमीन चोपण, तिला तपासणीनुसार जिप्सम. मग धैंचा हे हिरवळीचं पीक घेऊन गाडा. बुरशी त्यानंतर, आणि रोपवाटिकेतूनच. रोपवाटिका गोड्या पाण्यावर आणि चांगल्या मातीत करा, म्हणजे रोप खाऱ्या रानात पाऊल टाकेल तेव्हा बुरशी आधीच मुळात बसलेली असेल. खारवट मातीत नव्याने बीजाणू रुजवायला गेलात तर ते सावकाश उगवतात, काही उगवतच नाहीत, आणि तोवर रोपाच्या पानांच्या कडा करपून गेलेल्या असतात.